जिंजाच्या मॅक्रोपर्यंत व्हेरिएबल पोहोचत नाही? तपासणी या क्रमाने करा

फ्लास्क या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर चालणारी आणि जिंजाच्या टेम्पलेटमधून पानं बनवणारी साइट. पानावर लॉगिन केलेल्या माणसाचं नाव व्यवस्थित दिसतंय. तोच तुकडा उचलून मॅक्रोंच्या (टेम्पलेटमधल्या, नाव देऊन पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या तुकड्यांच्या) वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आणि नाव गायब. कधी एरर येते, कधी तीही येत नाही. मग कोणी डेटाबेस तपासतं, कोणी सर्व्हर रीस्टार्ट करतं, आणि अर्धा दिवस हातचा जातो.

हा बिघाड मी बऱ्याच जणांच्या प्रोजेक्टमध्ये दुरुस्त केलाय. मूळ जवळजवळ नेहमी एकच निघतं: मॅक्रोला अमुक नाव आपोआप दिसेल असं आपण धरून चालतो, आणि त्याला ते दिसत नसतं. फरक फक्त ते कुठे अडलंय याचा असतो. खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्या आधी, वेळखाऊ नंतर अशा लावल्या आहेत. क्रम मोडू नका, कारण पुढची दुरुस्ती आधी केली तर मागचा दोष झाकला जातो आणि महिन्याभराने दुसऱ्याच पानावर वर येतो.

(कीवर्ड आणि एरर इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीतच टाइप करायचं.)

लक्षणं

- मजकूर यायला हवा तिथे मोकळी जागा. लॉगमध्येही काही नाही.
- ‘करंट_यूजर इज अनडिफाइन्ड’ अशी एरर, पण फक्त मॅक्रोच्या फाइलमधल्या ओळीवर. तीच ओळ पानात चालते.
- पानावर ‘बाउंड मेथड’ अशा शब्दांनी सुरू होणारा विचित्र मजकूर.
- लूपमध्ये बेरीज केली, तरी लूप संपला की एकूण शून्यच.
- ‘मॅक्रो टेक्स नो कीवर्ड आर्ग्युमेंट’ किंवा कॉलरबद्दलची न समजणारी एरर.
- बहुतेक पानं ठीक, पण ४०४ चं पान किंवा एखादा ठरावीक विभाग फुटतो.

यातलं पहिलं लक्षण सगळ्यात त्रासदायक, म्हणून त्यामागचं कारण आधीच सांगतो. नाव सापडलं नाही तर जिंजा गप्पपणे रिकामी स्ट्रिंग छापतं. त्या न सापडलेल्या नावापुढे टिंब देऊन काही मागितलं, तरच एरर येते. म्हणजे नुसतं ‘यूजर’ छापलं तर पान शांत, आणि ‘यूजर.नेम’ छापलं तर पान फुटतं. इफमध्ये न सापडलेलं नाव खोटं धरलं जातं. त्यामुळे लॉगिन करून आत आलेल्या माणसालाही ‘लॉगिन करा’ हेच बटण दिसत राहतं, आणि आपण सेशनमध्ये दोष शोधत बसतो.

पहिली तपासणी: पानाचा सोर्स उघडा

एकही फाइल बदलू नका. ब्राउझरमध्ये पानाचा सोर्स बघा आणि रिकाम्या दिसणाऱ्या जागी खरोखर काय आलंय ते वाचा.

जिंजामध्ये मेथडच्या नावापुढे कंस दिले नाहीत तर मेथड चालत नाही. तिच्या जागी तिचं वर्णन छापलं जातं, तेही < आणि > या चिन्हांच्या आत. ऑटोएस्केप (अशी चिन्हं टॅग न ठरता नुसती अक्षरं म्हणून छापण्याची सोय) चालू असेल तर हे वर्णन पानावर वाचता येतं. बंद असेल तर ब्राउझर त्याला अनोळखी टॅग समजतो आणि गिळून टाकतो. वर्णनात ऑब्जेक्टचं वर्णनही असल्यामुळे शेवटी > सहसा दोनदा येतं. पहिल्यापाशी टॅग संपला असं ब्राउझर मानतो आणि दुसरं पानावर उरतं. मोकळ्या जागेत असं एकटंच > दिसलं, की समजा कंस राहिलेत.

आता ऑटोएस्केप मुळात बंद का होतं, हेही बघून घ्या. फ्लास्क ते फाइलच्या नावाच्या शेवटावरून ठरवतं. एचटीएमएल, एचटीएम, एक्सएमएल, एक्सएचटीएमएल अशा एक्स्टेन्शनला ते चालू असतं. एडिटरमध्ये रंग नीट दिसावेत म्हणून कोणी फाइलचं नाव ‘.जे२’ ने संपवलं, तर त्या फाइलपुरतं ते बंद होतं. मग वापरकर्त्याने फॉर्ममध्ये लिहिलेला टॅग तसाच पानावर येतो. हे सापडलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फाइलचं नाव दुरुस्त करा.

जँगो या पायथनच्या दुसऱ्या फ्रेमवर्कमधून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण तिथे नियम उलटा आहे. जँगोच्या टेम्पलेटमध्ये कंस चालत नाहीत. मेथड आपोआप चालते, पण बिनआर्ग्युमेंटची. तिला एखादं आर्ग्युमेंट लागतच असेल तर जँगो तक्रार न करता रिकामी जागा ठेवतं. तिथे तीनच सरळ वाटा आहेत: व्ह्यूमध्ये (पान तयार करणाऱ्या पायथन फंक्शनमध्ये) आधीच हिशोब करून तयार उत्तर पाठवा, एकच आर्ग्युमेंट पुरत असेल तर फिल्टर लिहा, नाहीतर सिंपल टॅग लिहा. टॅगला कॉन्टेक्स्ट (पानाला मिळालेली सगळी नावं आणि त्यांच्या किमती) हवा असेल तर ‘टेक्स_कॉन्टेक्स्ट’ चालू करा आणि फंक्शनच्या पहिल्या पॅरामीटरचं नाव ‘कॉन्टेक्स्ट’ हेच ठेवा. दुसरं नाव जँगो स्वीकारत नाही.

दुसरी तपासणी: नाव खरंच तेच आहे का

टेम्पलेटमधून पान बनवणाऱ्या ‘रेंडर_टेम्पलेट’ फंक्शनला दिलेल्या आर्ग्युमेंटमध्ये बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे जे असतं, तेच नाव टेम्पलेटला कळतं. उजवीकडच्या पायथनमधल्या नावाशी त्याला देणंघेणं नाही. डावीकडे एकवचन आणि टेम्पलेटमध्ये अनेकवचन, एवढ्यावरून तासन्‌तास गेलेले मी पाहिलेत.

डोळ्यांनी सापडत नसेल तर जिंजाचं डिबग एक्स्टेन्शन चालू करा. ते २.११ पासून, म्हणजे २०२० पासून सोबत येतं. टेम्पलेटमध्ये हवं तिथे ‘डिबग’ टॅग टाकला की त्या जागी कोणकोणती नावं हाताशी आहेत त्याची यादी छापली जाते. एकदा पानात टाका, एकदा मॅक्रोच्या आत टाका आणि दोन याद्या शेजारी ठेवा. निम्मे दोष इथेच उघडे पडतात. यादीत सेशनमधली माहितीही असू शकते, म्हणून हे फक्त स्वतःच्या मशीनवर करा आणि झाल्यावर टॅग काढून टाका.

तिसरी तपासणी: गप्प बसणारं जिंजा बोलतं करा

डेव्हलपमेंटच्या सेटिंगमध्ये जिंजा एन्व्हायर्नमेंटच्या ‘अनडिफाइन्ड’ला ‘स्ट्रिक्टअनडिफाइन्ड’ हा क्लास द्या (नावात अंडरस्कोर नाही). आता न सापडलेलं कुठलंही नाव छापलं किंवा इफमध्ये तपासलं, की लगेच एरर आणि ओळीचा नंबर.

याने जुन्या प्रोजेक्टमध्ये एकदम बऱ्याच जागा फुटतील. घाबरू नका, त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. जिथे नाव नसणं चालणारं आहे तिथे ‘इज डिफाइन्ड’ ही टेस्ट किंवा ‘डिफॉल्ट’ हा फिल्टर वापरा. दोन्ही स्ट्रिक्टमध्येही चालतात. उरतील त्या खऱ्या चुका. चालू साइटवर मात्र हे थेट लावू नका, एखाद्या क्वचित उघडणाऱ्या पानावर वापरकर्त्याला ५०० ची एरर मिळेल.

चौथी तपासणी: इन्क्लूड की इम्पोर्ट?

बहुतेकांची गाडी अडते ती इथे, म्हणून जरा सविस्तर.

इन्क्लूड केलेल्या फाइलला पानाचा सगळा कॉन्टेक्स्ट मिळतो. इम्पोर्ट केलेल्या फाइलला तो मिळत नाही. दोन्ही ओळी दिसायला सारख्या, दोन्हीत फाइलचं नाव, म्हणून वागणूकही सारखीच असेल असं वाटतं. इम्पोर्टची रीत अशी का, तर मॅक्रोंची फाइल ही जिंजाच्या नजरेत पायथनच्या मॉड्यूलसारखी असते. ती एकदा तयार करून जपून ठेवली जाते आणि सगळ्या पानांसाठी तीच वापरली जाते. प्रत्येक पानाचा कॉन्टेक्स्ट तिच्यात घालायचा तर ती अशी वाटून वापरता येणार नाही.

त्यामुळे ‘करंट_यूजर’चं नेमकं असं होतं. लॉगिन सांभाळणारं फ्लास्क-लॉगिन हे एक्स्टेन्शन ते नाव कॉन्टेक्स्ट प्रोसेसरमधून (पानांच्या कॉन्टेक्स्टमध्ये नावं घालणाऱ्या फंक्शनमधून) देतं, म्हणजे ते पानाच्या कॉन्टेक्स्टमध्ये असतं. जिंजाच्या ग्लोबल्समध्ये (सगळ्या टेम्पलेटना कायम मिळणाऱ्या नावांमध्ये) ते नसतं. पानात दिसतं, इन्क्लूडमध्ये दिसतं, इम्पोर्ट केलेल्या मॅक्रोत दिसत नाही. उलट ‘यूआरएल_फॉर’ हे पानाचा पत्ता बनवणारं फंक्शन ग्लोबल्समध्ये असल्यामुळे मॅक्रोतही बिनबोभाट चालतं. एकाच मॅक्रोत एक नाव चालतं आणि दुसरं नाही, याचा उलगडा एवढाच आहे.

दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे इम्पोर्टच्या ओळीच्या शेवटी ‘विथ कॉन्टेक्स्ट’ हे दोन शब्द जोडायचे. ‘फ्रॉम... इम्पोर्ट...’ या रूपालाही ते तसेच शेवटी लागतात. दोन शब्दांत काम होतं आणि दोष निघून जातो.

दुसरा उपाय म्हणजे मॅक्रोला जे हवं ते आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं. पानातून हाक मारताना ‘यूजर बरोबर करंट_यूजर’ असं लिहायचं आणि मॅक्रोच्या व्याख्येत ‘यूजर’ हे पॅरामीटर ठेवायचं.

मी दुसराच उपाय करतो, आणि दुसऱ्यांनाही तोच करायला लावतो. ‘विथ कॉन्टेक्स्ट’ लावलेला मॅक्रो वाचून त्याला काय काय लागतं हे कळत नाही. सहा महिन्यांनी तो ईमेलच्या टेम्पलेटमध्ये वापरला जातो. तिथे लॉगिन केलेलं कोणी नसतं, आणि दोष परत येतो. आर्ग्युमेंट घेणाऱ्या मॅक्रोची पहिली ओळच त्याची गरज सांगते. ‘विथ कॉन्टेक्स्ट’ मी तेव्हाच वापरतो, जेव्हा एका मॅक्रोतून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी साखळी असते आणि तीच चार नावं प्रत्येक पायरीवर हातातून हातात द्यावी लागतात.

जाता जाता: अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या नावाचा मॅक्रो खासगी धरला जातो, तो इम्पोर्ट होत नाही. नाव बदला, काम होईल.

पाचवी तपासणी: आर्ग्युमेंट बरोबर जागी बसतायत का

मॅक्रोला आर्ग्युमेंट जास्त दिलं तर एरर येते. कमी दिलं तर येत नाही, ते पॅरामीटर अनडिफाइन्ड राहतं आणि जागा रिकामी. तिसऱ्या तपासणीतलं स्ट्रिक्ट चालू असेल तर ‘पॅरामीटर वॉज नॉट प्रोव्हाइडेड’ असा स्पष्ट निरोप मिळतो. दोनपेक्षा जास्त आर्ग्युमेंट असतील तर नावानिशी द्या. मॅक्रोत मध्येच कोणी नवीन पॅरामीटर घुसवलं तरी जुन्या हाका चुकत नाहीत.

‘टेक्स नो कीवर्ड आर्ग्युमेंट’ ही एरर प्रामाणिक आहे, त्या नावाचं पॅरामीटर मॅक्रोत नाहीच. फॉर्मच्या इनपुटसाठी क्लास, प्लेसहोल्डर असं काहीही पुढे पाठवायचं असेल, तर मॅक्रोच्या आत ‘केडब्ल्यूआर्ग्ज’ हे नाव वापरा. ते नुसतं वापरलं तरी मॅक्रो जादाची कीवर्ड आर्ग्युमेंट घ्यायला लागतो, व्याख्येत लिहावं लागत नाही.

एक एरर मात्र दिशाभूल करते: ‘इन्व्होक्ड विथ टू व्हॅल्यूज फॉर द स्पेशल कॉलर आर्ग्युमेंट’. वाचून वाटतं आपण काहीतरी दोनदा दिलं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा झालेलं असतं ते असं, की मॅक्रोला ‘कॉल’ ब्लॉकमधून हाक मारली आणि मॅक्रोच्या आत ‘कॉलर’ला कुठेच हाक नाही. ब्लॉकमधला मजकूर ठेवायला जागाच नाही, म्हणून जिंजा अडतं. मॅक्रोत जिथे तो मजकूर हवा तिथे कंसांसह ‘कॉलर’ लिहा.

सहावी तपासणी: लूपमधून बाहेर येणारी किंमत

सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्यांचं पान घ्या. वर ‘एकूण’ शून्य ठेवलं, लूपमध्ये प्रत्येक पावतीची रक्कम ‘सेट’ने त्यात मिळवली, खाली एकूण छापलं, तर शून्यच. जिंजात लूपच्या आत केलेला ‘सेट’ आतच राहतो, बाहेरच्या नावाला हात लावत नाही.

यावर ‘नेमस्पेस’ ऑब्जेक्ट आहे, जिंजा २.१० पासून, म्हणजे २०१७ पासून. लूपच्या आधी ‘सेट एनएस बरोबर नेमस्पेस’ करून कंसात ‘एकूण’ला शून्य द्यायचं आणि लूपमध्ये ‘सेट एनएस.एकूण’ असं बदलायचं. ही किंमत लूप संपल्यावर टिकते. हाच नेमस्पेस मॅक्रोला आर्ग्युमेंट म्हणून देता येतो. मॅक्रोने आत बदललेली किंमत पानाला बाहेर दिसते, कारण दोघांच्या हातात ऑब्जेक्ट एकच असतो. ‘कॅनॉट असाइन अॅट्रिब्यूट ऑन नॉन-नेमस्पेस ऑब्जेक्ट’ अशी एरर आली, तर तिथे नेमस्पेसऐवजी साधी डिक्शनरी किंवा मॉडेलचा ऑब्जेक्ट आलाय.

पण थांबा. नेमस्पेस लागतोच का, हे आधी बघा. नुसती बेरीज हवी असेल तर ‘सम’ फिल्टरला ‘अॅट्रिब्यूट’ म्हणून रकमेचं नाव दिलं की एका ओळीत काम होतं. तारीख बदलली की नवीन मथळा, यासाठी ‘लूप.चेंज्ड’ आहे. मागच्या ओळीशी तुलना करायला ‘लूप.प्रिव्हआयटम’ आहे. टेम्पलेटमध्ये जितका हिशोब कमी, तितका नंतर त्रास कमी. पैशाचा हिशोब तर पायथनमध्येच व्हावा, जिथे त्याची टेस्ट लिहिता येते.

‘लूप’ हे नावही मॅक्रोच्या आत जात नाही. पहिल्या ओळीला वेगळा रंग हवा असेल तर ‘लूप.फर्स्ट’ आर्ग्युमेंट म्हणून द्या. आणि लूपच्या आत ‘ब्लॉक’ असेल तर त्याला लूपमधली नावं दिसत नाहीत, ब्लॉकच्या नावापुढे ‘स्कोप्ड’ लिहावं लागतं.

सातवी तपासणी: नाव पुरवणारा कोण आहे

इथवर सगळं ठीक, तरी काही पानांवरच बिघाड, तर पायथनकडे वळा.

कॉन्टेक्स्ट प्रोसेसर ब्लूप्रिंटवर (फ्लास्क साइटच्या एका विभागावर) साधा नोंदवला असेल, तर तो त्या ब्लूप्रिंटच्या पानांपुरताच चालतो. ४०४ चं पान कुठल्याच ब्लूप्रिंटचं नसतं, म्हणून मेनूमधलं नाव नेमकं तिथेच फुटतं. ब्लूप्रिंटवर ‘अॅप_कॉन्टेक्स्ट_प्रोसेसर’ वापरा, मग तो सगळीकडे लागू होतो. दुसरी गोष्ट, ‘रेंडर_टेम्पलेट’ला दिलेलं नाव आणि प्रोसेसरने दिलेलं नाव एकच असेल तर ‘रेंडर_टेम्पलेट’चं जिंकतं. एखाद्या व्ह्यूने ‘मेनू’ नावाने हॉटेलातल्या पदार्थांची यादी पाठवली, की त्या पानावर साइटचा मेनू जातो.

हे सगळं अपग्रेडनंतर सुरू झालं असेल तर जिंजाची आवृत्ती बघा. टेम्पलेटचा कॉन्टेक्स्ट घेणाऱ्या फंक्शनला पूर्वी ‘कॉन्टेक्स्टफंक्शन’ हा डेकोरेटर लागायचा. मे २०२१ च्या ३.० मध्ये त्याच्या जागी ‘पास_कॉन्टेक्स्ट’ आला, आणि मार्च २०२२ च्या ३.१ मध्ये जुना काढून टाकला. इम्पोर्ट एरर त्या नावाची असेल तर डेकोरेटर बदलला की झालं. एरर एखाद्या जुन्या लायब्ररीच्या आतून येत असेल, तर त्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या, तिच्या फाइलमध्ये हाताने बदल करू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

एका वापरकर्त्याला दुसऱ्याचं नाव किंवा पावती दिसली, तर ते एकदाच झालं असलं तरी प्रयोग थांबवा. शक्य असेल तर ते पान बंद ठेवा. याचं एक कारण मी प्रत्यक्ष पाहिलंय: मॅक्रोला यूजर दिसत नाही म्हणून कोणीतरी प्रत्येक रिक्वेस्टला यूजरची माहिती जिंजाच्या ग्लोबल्समध्ये लिहीत होतं. ग्लोबल्स एका प्रोसेसमधल्या सगळ्या रिक्वेस्टना मिळून एकच असतात. एकट्याने तपासताना सगळं बरोबर दिसतं, आणि दोघं एकदम आले की माहितीची सरमिसळ होते. ती ओळ काढून आर्ग्युमेंट देणं सोपं आहे. पण तोवर कोणाचं काय कोणाला दिसलं, कॅशमध्ये काय साठलंय, हे लॉगवरून ठरवणं अनुभवी माणसाचं काम आहे.

वापरकर्त्याने लिहिलेला मजकूर ‘रेंडर_टेम्पलेट_स्ट्रिंग’मध्ये टेम्पलेट म्हणून जोडला जात असेल, तरीही थांबा. तिथे बाहेरचा माणूस टेम्पलेटची भाषा वापरून सर्व्हरवर हवं ते चालवू शकतो. टेम्पलेटला मर्यादेत चालवणारा जिंजाचा सँडबॉक्स आहे, पण तो लावला की आपण सुटलो असं धरू नका, सुरक्षेचं काम करणाऱ्याला कोड दाखवा. मजकूर दिसत नाही म्हणून जागोजागी ‘सेफ’ फिल्टर (त्या मजकुरापुरतं ऑटोएस्केप बंद करणारा) लावून ठेवलेला आढळला तर तेही त्याच माणसाला दाखवा. न सापडलेलं नाव ‘सेफ’ने सापडत नाही, फक्त संरक्षण निघून जातं.

आणि सातही तपासण्या झाल्या, स्ट्रिक्ट चालू असताना स्वतःच्या मशीनवर एकही एरर नाही, पण चालू सर्व्हरवर तोच बिघाड, तर दोष टेम्पलेटमध्ये नाही. जुना कोड चालवत राहिलेला वर्कर, वेगळी आवृत्ती, मधला कॅश, यांपैकी काहीतरी आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करा. बोलताना हाताशी चार गोष्टी ठेवा: दोन्हीकडच्या जिंजा आणि फ्लास्कच्या आवृत्त्या, एररचा पूर्ण ट्रेसबॅक, बिघडलेल्या पानाचा जपून ठेवलेला सोर्स, आणि शेवटचं डिप्लॉय कधी झालं ती वेळ.